कार्डावर ‘एएस’ लिहिलंय, आणि आई म्हणते मुलाकडच्यांना सांगू नको

पत्र थोडक्यात (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदललेत):

पत्र लिहिणारी २६ वर्षांची आहे, माहेर चंद्रपूर जिल्ह्यात, नोकरी नागपूरला. कॉलेजात असताना कॅम्पमध्ये रक्त तपासलं तेव्हा ती सिकलसेलची (तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक आजार) वाहक, म्हणजे ‘एएस पॅटर्न’ निघाली. तिला त्रास काहीच नाही. मावसभाऊ मात्र ‘एसएस’ आहे, म्हणजे त्याला प्रत्यक्ष आजार आहे, त्याचं कळवळणं आणि सारखं अ‍ॅडमिट होणं तिने लहानपणापासून बघितलंय. आता पुण्यात नोकरी करणाऱ्या, मूळच्या यवतमाळकडच्या मुलाशी जमत आलंय, दोघांचं रोज फोनवर बोलणं होतं, पुढच्या महिन्यात सुपारी आहे. मुलाने कधी तपासणी केलेली नाही. आई म्हणते सांगितलंस तर हेही मोडेल आणि गावभर होईल, तुला काय होतंय, गप्प बस. मोठा भाऊ म्हणतो सांगून टाक. लंडनजवळ राहणारी आतेबहीण म्हणते, इथे प्रत्येक गरोदर बाईला ही टेस्ट देतात, लग्नाआधी कोणी विचारतसुद्धा नाही, तुम्ही उगाच बाऊ करता. शेवटी ती विचारते, ‘सरकारच लग्नाआधी ही टेस्ट सक्तीची का करत नाही? म्हणजे मला माझ्या तोंडाने सांगावं लागणार नाही. आणि आम्ही दोघंही एएस निघालो तर लग्न मोडायचंच का?’

उत्तर:

तुझ्या पत्रात ‘माझ्यातला दोष’ असं चार वेळा आलंय. आधी तेवढं बाजूला करू, कारण ते मनात तसंच राहिलं तर मी पुढे काहीही लिहिलं तरी तुला ते शिक्षेसारखंच ऐकू येईल.

हिमोग्लोबिन बनवणाऱ्या जीनच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. तुझ्याकडे एक नेहमीची (ए) आहे आणि एक सिकलची (एस), म्हणून ‘एएस’. मावसभावाच्या दोन्ही सिकलच्या, म्हणून ‘एसएस’. नेहमीची प्रत काम सांभाळून घेते म्हणून तुला त्रास नाही. फार उंचावर गेलीस किंवा रणरणत्या उन्हात पाणी न पिता अंगमेहनत केलीस तर जपायचं, आणि तुझ्या डॉक्टरला हे माहीत असू द्यायचं, बाकी रोजच्या जगण्यात काही फरक नाही. हा जीन आपल्या भागात टिकला तो मलेरियामुळे. जिथे जिथे पिढ्यान्पिढ्या जीवघेणा मलेरिया होता, आफ्रिका, अरबस्तान, ग्रीसचा काही भाग, आपला विदर्भ आणि सातपुडा, तिथे सिकलची एक प्रत असलेली लेकरं मलेरियातून जास्त वाचली. अँथनी अ‍ॅलिसन या संशोधकाने १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत हे दाखवून दिलं. म्हणजे ‘हा त्यांच्यातला आजार, आपल्यात नाही’ असं जे जातीकडे बोट दाखवून बोललं जातं ना, त्याला काही अर्थ नाही. जंगल आणि डास जिथे होते तिथे हा जीन आहे, आणि तो तुझ्या कुठल्यातरी पणजीला जगवून तुझ्यापर्यंत आलाय.

‘पत्रिका नको, रक्त तपासा’ ही घोषणा तू ऐकली असशीलच. ती चांगल्या मनाने दिली जाते, पण घराघरांत तिचं काय झालं ते बघ. पत्रिकेतल्या मंगळाची जागा रिपोर्टातल्या सिकलने घेतली. मंगळ जसा मुलीचाच आधी बघतात तसं हेही मुलीचंच बघतात, मुलगा वाहक असला तर ‘त्याला काय होतंय’ म्हणून विषय संपतो. तुझ्या बाबतीत तर मुलाचं रक्त अजून कोणी तपासलेलंच नाही, त्याचा रिपोर्ट काय येईल कोणालाच माहीत नाही, आणि तरी सांगू की लपवू हा सगळा ताण एकटी तू घेऊन बसलीयेस. ज्याचं माहीत आहे तो गुन्हेगार आणि ज्याने तपासलंच नाही तो चोख, असं आपण धरून चाललोय, आणि तूही ते मान्य करून टाकलंयस.

आता सक्तीबद्दल. हा प्रश्न तू दमून विचारलायस हे मला कळतंय, सरकारी कागदानेच बोलावं, आपण बोलायला नको. पण सक्ती करून बघितलेल्या देशांत काय झालं ते सविस्तर सांगते, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

अमेरिकेत काळ्या लोकांमध्ये सिकलसेल बराच आहे, आणि १९७० पर्यंत सरकारने त्याकडे धड लक्षच दिलं नव्हतं. नेमकी तेव्हाच एक स्वस्त, झटपट टेस्ट हाताशी आली, आपण जिला सोल्युबिलिटी टेस्ट म्हणतो तीच. तू कॅम्पमध्ये बघितली असशील. छोट्या नळीत द्रावण असतं, त्यात बोटातून काढलेलं थेंबभर रक्त टाकतात, पाचेक मिनिटं थांबतात आणि नळीच्या मागे काळ्या रेघांचं कार्ड धरतात. रेघा आरपार दिसल्या तर निगेटिव्ह, द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. पण गढूळ तुझंही होतं आणि तुझ्या मावसभावाचंही होतं! सिकलचं हिमोग्लोबिन आहे एवढंच ती नळी सांगते, एक प्रत आहे की दोन हे तिला सांगता येत नाही. आणि अशा अर्धवट सांगणाऱ्या टेस्टच्या भरवशावर १९७१ पासून दोनेक वर्षांत तिथल्या डझनभर राज्यांनी तपासणीचे कायदे केले, कुठे शाळेत नाव घालताना सक्ती, कुठे लग्नाचं लायसन काढताना. काही कायद्यांत वाहक कोण आणि रुग्ण कोण हा फरकसुद्धा नीट लिहिलेला नव्हता. समजावून सांगणारी माणसं नेमली नाहीत, द्यायला धड औषध नव्हतं. मग ठणठणीत माणसांचे विम्याचे हप्ते वाढले, नोकऱ्या नाकारल्या गेल्या, हवाई दलाच्या अकादमीत तर वाहकांना १९८१ पर्यंत प्रवेशच नव्हता.

त्याच्या थोडं आधी, १९६८ मध्ये, लायनस पॉलिंग यांनी एक सूचना लिहिली होती. पॉलिंग म्हणजे दोन नोबेल मिळालेला माणूस, सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या रेणूतल्या बदलाचा आजार आहे हे १९४९ मध्ये दाखवणारा. त्यांचं म्हणणं असं की वाहक तरुण-तरुणींच्या कपाळावर खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमातच पडणार नाहीत. त्यांना लेकरांचं दुखणं टाळायचं होतं, मन वाईट नव्हतं. पण कपाळावर गोंदण! सक्तीचा विचार शेवटपर्यंत ताणला की तो माणसाच्या अंगावर येतो, आणि एवढा हुशार माणूसही तिथे पोचला.

पुढे १९७२ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने कायदा करून पैसा फक्त स्वेच्छेच्या तपासणीला दिला आणि सक्तीचे कायदे मागे पडत गेले. मग १९८६ मध्ये एका अभ्यासातून कळलं की एसएस बाळाला अगदी तान्हेपणापासून रोज पेनिसिलिन दिलं तर जीवघेणी इन्फेक्शन्स खूप कमी होतात. त्यानंतर तपासणीचा रोखच बदलला, लग्नाच्या वयाच्या माणसांकडून नवजात बाळांकडे. २००६ पर्यंत तिथल्या सगळ्या राज्यांत प्रत्येक बाळाची टाचेतून रक्त घेऊन तपासणी व्हायला लागली. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही वाटते की जीन तोच होता, पण हातात उपाय काय आहे त्यावरून टेस्ट कोणाची करायची हे बदललं, आणि टेस्ट कोणाची करायची ठरलं की तिची किटंही तशीच बनायला लागली, बाळाच्या टाचेच्या थेंबावर चालणारी. २००८ मध्ये अमेरिकेत जीनवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा आला, त्याच्या मजकुरातच सत्तरच्या दशकातल्या या सिकलसेल कायद्यांचा दाखला दिलाय. तेव्हा भोगलेलं लोक विसरले नव्हते.

ग्रीसमधल्या ऑर्कोमेनॉसची गोष्ट तर तुला ओळखीची वाटेल. तिथे सिकलचे वाहक खूप, म्हणून संशोधकांनी लोकांची तपासणी केली, कोण वाहक ते सांगितलं आणि वाहकाने वाहकाशी लग्न करू नका असं समजावलं. लग्नं ठरवूनच व्हायची. काही वर्षांनी परत जाऊन बघितलं तर वाहकांना, त्यातही वाहक मुलींना, कमी लेखायला लागले होते, काहींनी लग्न जमवताना रिपोर्ट लपवला होता, आणि वाहक-वाहक लग्नं जेवढी तपासणी न करता झाली असती तेवढीच झाली होती. म्हणजे कलंक वाढला आणि आजार तिथेच राहिला. तुझी आई आज जे म्हणतेय ते तिथल्या आयांनी सत्तरच्या दशकात म्हटलं असणार.

सायप्रसमध्ये मात्र वेगळं झालं. तिथे आजार थॅलॅसेमियाचा, तोही हिमोग्लोबिनचाच आणि आईवडिलांकडून येणारा, साधारण सातातला एक माणूस वाहक. १९८३ पासून तिथलं चर्च लग्नाआधी सर्टिफिकेट मागायला लागलं, पण त्या कागदावर काय लिहिलेलं असतं बघ, दोघांची तपासणी झाली आणि दोघांना सल्ला मिळाला, एवढंच. रिपोर्ट काय आला ते त्यावर नसतं, ते त्या दोघांमध्येच राहतं. दोघं वाहक निघाले तरी बहुतेक जोडपी लग्न मोडत नाहीत. पुढे गर्भाची तपासणी करून घ्यायची सोय देशातच आहे, तिचा वापर होतो, आणि आजाराची बाळं जन्मणं जवळजवळ थांबलंय. बाहेरून बघायला गेलं तर हीसुद्धा सक्तीच, पण ती माहिती घेण्याची सक्ती होती, निर्णय जोडप्यानेच करायचा.

सौदी अरेबियात २००४ पासून लग्नाआधी टेस्ट सक्तीची झाली. पहिल्या वर्षी धोका असलेल्या दहातल्या नऊ जोडप्यांनी तरीही लग्न केलंच. का, तर रिपोर्ट हातात येईपर्यंत हॉल बुक, पाहुण्यांना निरोप गेलेले, दोन्ही घरांचे शब्द दिलेले. पुढे लोकांना समज आली तसं प्रमाण बदललं, २००९ पर्यंत निम्म्याच्या आसपास लग्नं थांबायला लागली. इराणमध्ये १९९७ ला थॅलॅसेमियासाठी लग्नाआधी टेस्ट सक्तीची केली तेव्हा सरकारला वाटलं जोडपी वेगळी होतील. पण बऱ्याच जोडप्यांनी ठामपणे सांगितलं की आम्हाला एकमेकांशीच लग्न करायचंय, तुम्ही दुसरा काहीतरी मार्ग काढा. त्यातून धर्मगुरूंचे फतवे आले, गर्भाच्या जीन-तपासणीच्या लॅब उभ्या राहिल्या आणि २००५ मध्ये अशा कारणासाठी पहिल्या चार महिन्यांत गर्भपाताला परवानगी देणारा कायदा झाला. एवढ्या कडक देशातला कायदासुद्धा दोन माणसांच्या हट्टापुढे वाकला, मला हे फार मोलाचं वाटतं.

आता तुझ्या आतेबहिणीचं. ती खोटं बोलत नाहीये. ब्रिटनमध्ये गरोदर बाईला सुरुवातीलाच सिकल आणि थॅलॅसेमियाची टेस्ट देऊ करतात, ती वाहक निघाली तर बाळाच्या बापाला बोलावतात, दोघं वाहक निघाले तर समजावून सांगणारी प्रशिक्षित माणसं असतात, गर्भाची तपासणी हवी असली तर ती वेळेत आणि फुकट होते, आणि बाळ जन्मल्यावर टाचेची टेस्ट असतेच. एवढं सगळं मागे उभं आहे म्हणून तिला लग्नाआधी बोलायची गरज पडत नाही. आपल्याकडे एखादी बाई चौथ्या-पाचव्या महिन्यात पहिल्यांदा दवाखान्यात येते, नवरा पुण्याला किंवा सुरतेला, गर्भाची टेस्ट करणारं सेंटर दोन-चार मोठ्या शहरांत. तिच्यासाठी ‘गरोदर राहिल्यावर बघू’ म्हणजे बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. म्हणून तिथला सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही, आणि इथली काळजी तिला उगाच वाटते.

आपल्या सरकारने जुलै २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू केलं. ० ते ४० वयाच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ चं उद्दिष्ट. एवढी मोठी मागणी आल्यावर जागेवरच एएस आणि एसएस वेगळं सांगणारी छोटी किटं गावापर्यंत यायला लागली, गढूळ नळीवर थांबायची गरज कमी होतेय, ही खरोखर चांगली गोष्ट आहे. मला काळजी आहे ती कार्डाची. किती जण तपासले आणि किती कार्डं वाटली हे मोजता येतं, किती जणांना ते कार्ड बसून समजावलं ते मोजायला अवघड, आणि जे मोजलं जात नाही ते आपल्याकडे राहून जातं. तुझंच बघ, कॉलेजात हातात कार्ड दिलं, आणि त्याचा अर्थ इतक्या वर्षांनी तू मला विचारतेयस.

तर सक्ती नको असं माझं स्पष्ट मत आहे. शाळा-कॉलेजच्या वयात, स्वतःच्या मर्जीने, समजावून सांगणाऱ्या माणसासह, आणि रिपोर्ट फक्त ज्याचा त्याच्या हातात, अशी तपासणी हवी. लग्नाच्या तोंडावर सक्ती आली तर सगळ्यात आधी मुलीचंच कार्ड मागितलं जाईल.

आता तू काय करायचं. सुपारीच्या आधी सांगायचं, तू स्वतः सांगायचं, आणि फक्त त्यालाच सांगायचं. त्याच्या आईवडिलांना नाही, मध्यस्थाला तर अजिबात नाही. मध्यस्थाकडे गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत तीन गावांत पोचते. फोनवर बोलताच आहात, तर निवांत वेळी सरळ म्हण, ‘आमच्या भागात सिकलसेल आहे म्हणून मी कॉलेजात टेस्ट केली होती, मी वाहक आहे. मला स्वतःला आजार नाही. तूही वाहक असशील तरच आपल्या मुलांना धोका असतो, म्हणून लग्न ठरायच्या आधी तू तुझी टेस्ट करून घे.’ एवढंच. ‘माफ कर’ म्हणू नकोस, आवाज खाली नेऊ नकोस. तू त्याला एक माहिती देतेयस आणि तीच माहिती त्याच्याकडून मागतेयस. तोही मूळचा यवतमाळकडचा आहे, म्हणजे त्याने तपासणं तसंही गरजेचंच आहे.

टेस्ट कुठली हे नीट सांग. पुण्यातल्या लॅबमध्ये नुसतं ‘सिकल टेस्ट’ म्हटलं तर सोल्युबिलिटीवर काम भागवतील. त्याला म्हणावं ‘हिमोग्लोबिनची एचपीएलसी’ करायची, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी टेस्ट, सोबत सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. कारण त्याच्यात सिकल नसून थॅलॅसेमियाची एक प्रत असली, किंवा हिमोग्लोबिन डी हा आणखी एक बदललेला प्रकार असला, तर सोल्युबिलिटी निगेटिव्ह येईल, सगळे सुटलो म्हणतील, आणि तुझ्या सिकलशी त्याची जोडी जमली तर बाळाला तितकाच गंभीर आजार होऊ शकतो. गेल्या तीन महिन्यांत त्याला रक्त चढवलं असेल तर थांबून करायची, नाहीतर दुसऱ्याच्याच रक्ताचा रिपोर्ट येईल. आणि तुझ्याकडे कॅम्पचं नुसतं कार्ड असेल तर तुझीही एचपीएलसी आधी करून घे, तिकडे सरकारी मेडिकल कॉलेजात होते. वाहकाच्या रिपोर्टात हिमोग्लोबिन ए जास्त आणि एस साधारण ३० ते ४० टक्के असतं. एस जर ए पेक्षा जास्त दिसलं तर ‘एएस आहे’ म्हणून घरी येऊ नकोस, रक्तविकाराच्या डॉक्टरला तो कागद दाखव.

तो एए निघाला, म्हणजे दोन्ही प्रती नेहमीच्या, तर तुमच्या कुठल्याच बाळाला सिकलसेलचा आजार होणार नाही. बाळ वाहक व्हायची शक्यता निम्मी, तुझ्यासारखं. विषय संपला.

तोही एएस निघाला तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता एसएस बाळाची, ५० टक्के वाहक, २५ टक्के दोन्ही प्रती नेहमीच्या. हे प्रत्येक वेळी नव्याने असतं बरं का, ‘चारातलं एकच’ अशी वाटणी नसते. पहिलं बाळ एसएस झालं म्हणून पुढची तीन सुटली असं समजून बसलेली घरं आहेत.

मग लग्न मोडायचंच का? मोडू शकता, त्यात लाज नाही. तू मावसभावाला जवळून बघितलंयस, आणि ते बघून ‘मला ही शक्यताच नको’ असं तुला आतून वाटलं तर ते वाटणं खरं आहे, त्याबद्दल कोणाला स्पष्टीकरण देऊ नकोस. पण मोडायलाच पाहिजे असं मात्र नाही. सायप्रस आणि इराणच्या जोडप्यांनी जो मार्ग धरला तो इथेही आहे. गर्भाच्या तपासणीचं नाव काढलं की आपल्याकडे लोक घाबरतात, त्यांना वाटतं ते बेकायदेशीर आहे. त्याला कारणही तसंच आहे, जनुकीय आजार शोधायला आलेली गर्भजल तपासणी आपण मुली शोधायला वापरली, इतकी की १९८८ मध्ये त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राला करावा लागला आणि १९९४ मध्ये केंद्राचा आला. पण त्याच कायद्यात स्पष्ट लिहिलंय की हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी गर्भाची तपासणी करता येते, नोंदणी झालेल्या सेंटरमध्ये, तुला समजणाऱ्या भाषेत लिहिलेल्या तुझ्या संमतीने. मुलगा की मुलगी हे सांगत नाहीत. १० ते १२ आठवड्यांदरम्यान वारेचा छोटा तुकडा घेतात, त्यातून दोन प्रती आल्यात का ते कळतं. अनुभवी हातात गर्भ पडण्याचा धोका शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी. त्याआधी तुम्हा दोघांची डीएनए तपासणी झालेली असावी, म्हणून पाळी चुकल्या चुकल्या नाही तर त्याच्याही आधी, मूल हवं असं ठरवताच डॉक्टरला भेटायचं. मुंबईत परळला आयसीएमआरची, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, रक्तविकारांची राष्ट्रीय संस्था आहे, आणि तुझ्या चंद्रपुरातच तिचं हिमोग्लोबिनच्या आजारांसाठीचं केंद्र आहे, तिथून सुरुवात कर. रिपोर्ट आल्यावर काय करायचं ते तेव्हा तुम्ही दोघांनी ठरवायचं, गर्भपात करायचाच असं कुठेही लिहिलेलं नाही, आणि करायचा ठरवलात तर २० आठवड्यांच्या आत कायद्याची अडचण नाही.

काही जोडपी गर्भाची तपासणी नको म्हणतात आणि बाळ जन्मल्याबरोबर त्याची टेस्ट करतात. हाही निर्णय मी हलका मानत नाही. आजच्या एसएस बाळाला तुझ्या मावसभावापेक्षा बरंच जास्त मिळू शकतं, लवकर निदान, लसी, पेनिसिलिन, दुखण्याचे झटके कमी करणारं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध. २०१६ च्या कायद्याने सिकलसेल दिव्यांगांच्या यादीत आलाय, त्याचे हक्क आहेत. जीन बदलणारी उपचारपद्धती २०२३ च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाली, पण अमेरिकेत तिची किंमत २२ लाख डॉलर आहे, तेव्हा तिच्या आशेवर आज लग्नाचा हिशोब मांडू नका. आणि एक सांगते, यातलं काहीही मावसभावासमोर बोलताना जपून बोल. ‘असं बाळ नको’ हे वाक्य तो ऐकत असतो.

आईबद्दल. तुझी मावशी एसएस मुलाची आई आहे, म्हणजे मावशीकडे हा जीन आहे, म्हणजे तुझ्या आईकडेही असण्याची शक्यता बरीच आहे, आणि तुझ्याकडे तो बहुतेक तिच्याकडूनच आलाय. तिला हे कधी कोणी सांगितलं असेल का? ‘गप्प बस’ म्हणणाऱ्या आईच्या पोटात ‘माझ्यामुळे झालं’ हे असतं. भांडू नकोस तिच्याशी. मलेरियाची गोष्ट तिला सांग, त्या जीनने तिच्या आज्या-पणज्यांना जगवलं ते सांग. आणि तिची भीती खोटी नाही, गावभर होतं हे मीही मानते, म्हणूनच तू फक्त त्या मुलाला सांगणार आहेस आणि त्याच्याकडून शब्द घेणार आहेस की हे आपल्या दोघांतच राहील. आणि हो, ‘सांगून टाक’ म्हणणाऱ्या भावाने स्वतःची टेस्ट केलीये का? त्याच्याकडेही हा जीन असायची शक्यता निम्मी आहे. त्याचं लग्न झालं असेल तर त्याने आणि वहिनीने या आठवड्यातच करून घ्यावी.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं. लग्न झालेलं असेल, मूल हवं असेल आणि दोघांपैकी कोणाचंही मूळ विदर्भात, नंदुरबार-धुळ्याकडे, मेळघाटात, सातपुड्यात असेल तर दोघांची एचपीएलसी करा, आज तुम्ही ठाण्यात राहा नाहीतर दुबईत. सिंधी, लोहाणा, भानुशाली घरांत थॅलॅसेमियासाठी तीच टेस्ट लागते. गरोदर असाल तर थांबू नका, बाईची आणि नवऱ्याची एकाच दिवशी करा, तिचा रिपोर्ट येऊ दे मग त्याचं बघू यात आठवडे जातात. मुलांच्या कार्डाचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. विम्याचं म्हणाल तर ‘जनुकीय आजार’ एवढ्या कारणाने आरोग्य विम्याचे दावे नाकारू नका असं विमा नियामक इर्डाने मार्च २०१८ मध्ये कंपन्यांना सांगितलेलं आहे, कोणी तेच कारण पुढे केलं तर लेखी मागा आणि तक्रार करा. आशाताई कार्ड देऊन जायला लागल्या तर त्यांना थांबवून विचारा, याचा अर्थ काय, आता पुढे कोणाकडे जाऊ.

तो नाही म्हणाला तर काय, हे तू पत्रात लिहिलेलं नाहीस पण भीती तीच आहे. टेस्ट न करताच तो नाही म्हणाला, तर ज्या माणसाला स्वतःचं रक्त तपासायचीही तयारी नव्हती त्याच्याशी तुझं लग्न झालं असतं. टेस्ट करून, दोघं वाहक निघून, विचार करून नाही म्हणाला तर वाईट वाटेल, खूप वाटेल, पण तो प्रामाणिक निर्णय असेल. आणि लपवून लग्न केलंस तर पहिल्याच गरोदरपणात दवाखान्यात तुझी टेस्ट होईल, रिपोर्ट नवऱ्यासमोर येईल, आणि तेव्हा प्रश्न सिकलचा राहणार नाही, तू लपवलंस याचा होईल. रिपोर्ट यायला चार-आठ दिवस लागतात, त्यामुळे याच आठवड्यात त्याच्याशी बोल, आणि सुपारीच्या तारखेपर्यंत रिपोर्ट आला नाही तर तारीख पुढे ढकला. कारण काय सांगायचं ते तुम्ही दोघं मिळून ठरवा.